बिडाचा अर्धा दुवा

कल्पना कर, की तुझ्या हातात एक लोखंडी लिव्हर आहे. क्रिकेटच्या स्टंपापेक्षा थोडा आखूड, टोकाला काळा गोळा. समोर टेबलाला बोल्टांनी घट्ट बसवलेलं एक जुनं यंत्र आहे. त्यात एक रिकामी पुंगळी ठेवायची, लिव्हर खाली ओढायचा, कर्र असा आवाज ऐकायचा, लिव्हर वर सोडायचा आणि पुंगळी काढून घ्यायची. मग दुसरी. पन्नास होतात, साठ होतात. हात आता यंत्राच्या तालात चालायला लागतो. आणि एकसष्टाव्या वेळी, मुळीच जास्त जोर लावलेला नसताना, 'कड्' असा आवाज होतो आणि लिव्हर हातात लुळा पडतो.

खोलीतली सगळी माणसं तुझ्याकडे बघतात.

आता खरं सांग. तुझ्या तोंडून पहिला शब्द कोणता पडेल?

माझ्या नातीच्या तोंडून 'सॉरी' पडलं नाही. सगळी गडबड तिथूनच सुरू झाली.

नातीचं नाव अबोली. वय अकरा. नाव अबोली असलं तरी बोलण्यात कुणाला हार जात नाही. ती टेक्सासमध्ये अर्विंगला राहते. तिची आई वीणा ही माझी मुलगी, आणि बाबा देवदत्त. दोघंही कॉम्प्युटरच्या नोकरीत. मी नागपूरची. एकतीस वर्षं एका आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना शिकवून निवृत्त झाले आणि त्या वर्षी सहा महिन्यांसाठी लेकीकडे गेले होते.

अर्विंगपासून चाळीस मिनिटांवर मुलांचा एक नेमबाजी क्लब आहे. तिथे हवेत मातीच्या तबकड्या उडवतात आणि मुलं त्यांच्यावर नेम धरतात. बंदुकीचं नाव काढलं की आपल्याकडे भुवया वर जातात. माझ्याही गेल्या होत्या. पण तिथले नियम पाहिले आणि त्या खाली आल्या. प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस उभं असतं, आणि बंदुकीचं तोंड जरा इकडचं तिकडे झालं की त्या मुलाचा दिवस तिथेच संपतो.

एकदा उडालेलं काडतूस ते फेकून देत नाहीत. त्याची रिकामी पुंगळी गोळा करून पुन्हा भरतात. त्यातलं बंदुकीची दारू भरण्याचं काम फक्त मोठ्यांचं, कुलपातल्या कपाटाजवळचं, वेगळ्या खोलीतलं. मुलांनी करायचं ते आधीचं काम. उडाल्यावर पुंगळीचं पितळी बूड फुगतं. ते यंत्रात दाबलं की पुन्हा मापात येतं. त्या यंत्रावर कोण बसणार त्या मुलांची यादी भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर असते आणि खाली कोचची सही असते. तेरा वर्षांखालच्या मुलांमध्ये यादीत एकच नाव होतं, अबोली. त्या ओळीसाठी तिने आख्खं वर्ष पुंगळ्या पुसल्या होत्या.

तर यंत्र मोडलं तेव्हा कोच डेल पुढे आले. उंच, पांढऱ्या मिशांचे, तिथल्या मुलांच्या तीन पिढ्या शिकवलेले गृहस्थ. त्यांनी वाकून पाहिलं. लिव्हरपासून वर-खाली होणाऱ्या दांड्यापर्यंत बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, एक पट्टी असते, दोन टोकांना दोन भोकं असलेली. तिला दुवा म्हणतात. तो दुवा मधोमध तुटला होता.

"फार जोरात ओढलंस," ते म्हणाले.

"नाही ओढलं," अबोली म्हणाली.

"चाळीस वर्षं हा तुटला नाही. आज तुझ्या हातात तुटला." त्यांनी दुव्याचा खालचा तुकडा काढून कोपऱ्यातल्या भंगाराच्या पिंपात टाकला. "आपला नियम माहीत आहे. ज्याच्या हातून मोडलं त्याने सगळ्यांसमोर सॉरी म्हणायचं आणि सीझन संपेपर्यंत यंत्रापासून लांब राहायचं."

मागून नकुल ओरडला, "बुलडोझर!" हा नकुल अबोलीच्याच कॉम्प्लेक्समधला, तिच्याच वर्गातला. पोरं हसली.

कोचनी लाल मार्करने अबोलीच्या नावावर रेघ मारली आणि ते तिच्या शब्दाची वाट बघत उभे राहिले. ती बोलली नाही. तिने लिव्हरला लटकत राहिलेला दुव्याचा वरचा तुकडा ओढून काढला, खिशात घातला आणि सरळ बाहेर येऊन गाडीत बसली.

परतीच्या वाटेवर वीणा गाडी चालवत होती, मी शेजारी, अबोली मागे.

"म्हणून टाक ना सॉरी," वीणा म्हणाली. "काय जातं आपलं?"

"बट आय डिडन्ट डू इट!"

"ते कोण बघतंय, बाळा? आपले ग्रीन कार्डाचे पेपर अजून अडकलेत. इथे कुणाशी वाकडं नको."

"आई, ग्रीन कार्डवाले काय माझा लिव्हर चेक करणार आहेत?"

मला हसू आलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"अगं, इथे सॉरीला काही अर्थ नसतो," वीणा समजावू लागली. "दुकानात नुसता धक्का लागला तरी लोक सॉरी म्हणतात. आम्ही ऑफिसात दिवसाला वीस वेळा म्हणतो. चूक असो नसो. विषय संपतो."

"अर्थ नाही तर कोचला एवढं हवंय कशाला?"

 माझं मत मागायला वीणाने माझ्याकडे बघितलं, पण मी मध्ये पडले नाही. फिटर आधी वस्तू बघतो, मग बोलतो. मी ती वस्तू अजून पाहिली नव्हती.

घरी आल्यावर अबोलीने तुकडा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. मी चष्मा लावला आणि तुटलेली बाजू वर केली. मला जे दिसायचं ते लगेच दिसलं. पण मी बघून काय उपयोग? मी तुकडा तिच्याकडे सरकवला.

"काय दिसतंय सांग."

तिने फोनचा कॅमेरा मोठा करून पाहिलं. "टू कलर्स."

"कुठे कुठे?"

"इकडून इथपर्यंत ब्राउन. काळपट. चिकट पण आहे. आणि हा छोटा पार्ट ग्रे आहे, साखरेसारखा. चमकतोय."

मी टोपलीतलं सफरचंद कापून तिच्यासमोर ठेवलं. "हे असंच टेबलावर राहिलं तर?"

"ब्राउन होईल."

"आणि आत्ता कसं आहे?"

"व्हाइट..." ती थांबली. सफरचंदाकडे बघितलं, तुकड्याकडे बघितलं. मग खुर्चीवर चढून उभीच राहिली. "आजी! हा ब्राउन भाग आधीच तुटलेला होता! बिफोर मी!"

"किती आधी?"

"खूप. आत तेल गेलंय. गंज चढलाय." तिने बोटाने मोजलं. "चारातले तीन भाग जुने. मी फक्त लास्ट वन होते!"

तिचं बरोबर होतं. बिडाला एकदा तडा गेला की तो आपला हळूहळू आत सरकत राहतो, बाहेरून कुणाला कळत नाही. ज्याच्या हातात शेवटचा धागा तुटतो, त्याच्यावर आळ येतो.

"मी कोचला आत्ता फोन करते!"

"कर. भांडण जिंकशील. यंत्र मात्र बंदच राहील. पुढच्या शनिवारी ते भंगारात जाईल, असं कोच तुझ्या आईला म्हणालेत. बनवणारी कंपनी कधीच बंद झाली, भाग मिळत नाही. मग तुला त्या यादीत नाव तरी कशासाठी हवं?"

ती खुर्चीवरून उतरली. "तू फिटर आहेस ना? तू बनव."

"मी फिटर होते. आता माझे हात थरथरतात. तुझे थरथरत नाहीत."

अशी आमची कार्यशाळा सुरू झाली. देवदत्तने आधी ऑनलाइन शोधून पाहिलं, मग हात टेकले आणि दुकानातून एक शेगडा आणला. शेगडा म्हणजे लोखंड पकडून ठेवायचा जबडा, टेबलाला बसवायचा. सोबत एक करवत, भोकं पाडायचं ड्रिल, गोल कानस आणि पोलादाची जाड पट्टी. चपटी कानस माझी स्वतःची होती, निवृत्तीच्या दिवशी पोरांनी दिलेली. ती मी साडीत गुंडाळून नागपूरहून नेली होती. का नेली होती, ते मला विचारू नकोस. काही लोक लोणचं नेतात.

कानस कशी चालवतात, माहीत आहे? पुढे जाताना दाबायचं, मागे येताना सोडायचं. एवढंच. पण ते एवढंच शिकायला माझ्या मुलांना महिने लागायचे. अबोली पहिल्या दिवशी दोन्हीकडे दाबत होती आणि कानस किंचाळत होती. गॅरेजमध्ये सप्टेंबरचं ऊन होतं, शटर अर्धं वर, पंखा गरम हवा फेकत होता. सोमवारी तिच्या तळव्याला फोड आला. मंगळवारी तो फुटला. तिने त्यावर पट्टी लावली आणि पुन्हा उभी राहिली.

"दुखतंय?"

"येस."

"थांबूया?"

"नो."

वरचा अर्धा भाग आमच्याकडे होता, त्याची नक्कल सोपी होती. खालचा अर्धा पिंपातून केव्हाच गेला होता. पण यंत्रामागच्या भिंतीवर कंपनीचा जुना कागद चिकटवलेला असायचा आणि अबोलीच्या फोनमध्ये त्याचा फोटो होता. त्यात दुव्याची दोन चित्रं होती. एक समोरून, आणि त्याच्या उजव्या हाताला दुसरं, बाजूने. दुवा धनुष्यासारखा किंचित वाकलेला होता आणि खालच्या टोकाला एका अंगाने पायरीसारखा कोरलेला होता, म्हणजे तिथे जाडी निम्मी. ती पायरी कोणत्या अंगाला, हे बाजूच्या चित्रावरून ठरवायचं होतं. मी बघितलं आणि सांगितलं, "पुढच्या अंगाला."

बुधवारी संध्याकाळी दुवा तयार झाला. दोन्ही भोकं चोख, कडा गुळगुळीत. मी खूश होते. अबोली तो हातात उलटसुलट फिरवून बघत होती.

"आजी, पायरी दुसऱ्या बाजूला होती."

"चित्रात अशीच आहे."

"पण मी दर वेळी बघायचे. ती भिंतीकडे होती. मागे."

"मग उलटा करून लाव."

तिने उलटा धरला. आता पायरी मागे गेली, पण धनुष्याचा बाक चुकीच्या अंगाला आला. "असा लावला तर फ्रेमला आपटेल," ती म्हणाली. "आजी, तू चित्र चुकीचं वाचलंस."

मला राग आला. खोटं कशाला सांगू? एकतीस वर्षं मी चित्र वाचायला शिकवलं होतं. "अबोली, समोरच्या चित्राच्या उजवीकडे जे काढतात, ते वस्तूकडे डावीकडून बघितल्यावर दिसतं ते. मी हजारो मुलांना हे शिकवलंय."

"तिकडे शिकवलंस," ती म्हणाली. "इथे नाही."

ती आत गेली आणि कॉर्नफ्लेक्सचा खोका घेऊन आली. तिने खोक्याची उजवी बाजू कापली आणि दार उघडावं तशी बाहेर उघडली. ती आपोआप समोरच्या बाजूच्या उजवीकडे आली. "आमच्या टेक क्लासमध्ये असं शिकवतात. उजवीकडे काढलंय म्हणजे उजवीकडूनच बघितलंय. खोका उघडल्यासारखं."

मी त्या खोक्याकडे बघत राहिले. मग आठवलं. चित्र काढायच्या दोन पद्धती असतात. आपल्याकडे एक, अमेरिकेत दुसरी. पुस्तकात दोन्ही असतात आणि मी दर वर्षी दुसरी पद्धत एका वाक्यात उरकत असे, कारण ती आपल्याला लागत नाही. हा कागद अमेरिकेतला होता आणि मी तो नागपूरच्या डोळ्यांनी वाचला होता.

म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार आणि एक फोड, सगळं माझ्यामुळे वाया गेलं होतं.

"अबोली," मी म्हणाले, "माझं चुकलं. सॉरी."

ती चमकली. मोठ्या माणसांचं सॉरी तिने धक्का लागल्यावरचं ऐकलं होतं, असं उभं राहून म्हटलेलं नाही.

"कळलं का?" मी म्हणाले. "हा शब्द इतका जड असतो. म्हणून जिथे तो लागू आहे तिथेच ठेवायचा."

तिने मान डोलावली, पट्टीचा उरलेला तुकडा शेगड्यात धरला आणि करवत उचलली.

दुसरा दुवा दोन दिवसांत झाला. हात आता शिकलेले होते. शुक्रवारी वीणा ऑफिसातून आली ती गॅरेजच्या दारातच थांबली. लेकीच्या गालाला लोखंडाची पूड, बोटांना पट्ट्या.

"आई, तू तिला हे काय करायला लावतेस?" ती मला म्हणाली.

"मी काही लावत नाही. तिला विचार."

अबोलीने तुटका तुकडा आणि एक कापून ठेवलेलं, तपकिरी पडलेलं सफरचंद आईसमोर धरलं. वीणा फिटरणीची मुलगी. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तिने तुकडा उजेडात धरला आणि अंगठा त्या काळपट भागावरून फिरवला. मग पर्स खाली ठेवून ब्रशने शेगड्यावरची पूड झाडायला लागली.

शनिवारी क्लबमध्ये पंधरा-सोळा मुलं होती. यंत्र बोल्ट काढून दाराजवळ भंगाराच्या हातगाडीशेजारी ठेवलेलं. कोच डेलनी अबोलीला बघितलं आणि टोपी मागे सरकवली.

"आलीस. छान. मुलांनो, इकडे या. अबोलीला काहीतरी म्हणायचंय."

मुलं जमली. नकुल हळूच म्हणाला, "बुलडोझर इज बॅक." माझ्या शेजारी वीणाचे ओठ हलले. सवयच ती. 'सॉरी' ओठांपर्यंत आलं होतं, ते तिने गिळलं.

अबोलीने तुकडा टेबलावर ठेवला, तुटलेली बाजू वर.

"हे मी मोडलं नाही," ती इंग्रजीत म्हणाली.  "हा तपकिरी भाग बघा. इथे तडा खूप आधीच गेला होता. त्यात तेल आणि गंज आहे. एका आठवड्यात एवढा गंज चढत नाही. माझ्या हातात तुटला तो फक्त हा चमकणारा भाग. तुम्ही ओढलं असतं तरी तुटला असता, कोच."

"हे बघ, मुली..." कोच म्हणाले.

"कोच," वीणा मध्येच म्हणाली, "तिचं बोलणं पूर्ण होऊ द्या." तिच्या गळ्यावर लाल चट्टे उठले होते. पण ती म्हणाली.

कोचनी तुकडा उचलला. खिशातून चष्मा काढला. मुलं त्यांच्या हाताखाली वाकून बघू लागली आणि एक लहान मुलगा म्हणाला, "अरे, खरंच दोन रंग आहेत."

तेवढ्यात अबोलीने पिशवीतून नवा दुवा काढला होता. तो जागेवर धरून ती भोकांतून यंत्राच्या जुन्या पिना घालू लागली. वरची बसली. खालची अडकली.  तिने पिन काढली, पुसली, थेंबभर तेल लावलं, पुन्हा सरकवली. बसली. पायरी मागच्या अंगाला, जिथे असायला हवी तिथे.

कोचनी यंत्र टेबलावर ठेवून बोल्ट आवळले. लिव्हर स्वतः धरला, रिकामाच दहा वेळा ओढला. वाकून दुव्याकडे बघितलं. मग रिकामी पुंगळी ठेवून ओढला. कर्र. पितळी बूड मापात.

"हे कुणी बनवलं?"

"मी," अबोलीने पट्ट्या लावलेले हात दाखवले. "दोनदा."

कोच थोडा वेळ मिशी चोळत राहिले. "तुकडा घेऊन गेलीस तेव्हा मला विचारलं नव्हतंस. ती क्लबची वस्तू होती."

ती विचारात पडली. मला वाटलं, आता चिडेल. "हो," ती म्हणाली. "ते मी केलं. विचारायला हवं होतं. सॉरी."

एकदाच म्हणाली. ताठ उभी राहून, त्यांच्या डोळ्यांत बघून. आणि मग जागची हलली नाही. त्यांच्या शब्दाची वाट बघत राहिली.

  कोचनी तोंड उघडलं, मिटलं, टोपी काढून पुन्हा घातली. "ठीक आहे," ते पुटपुटले. "यादीचं पुढच्या सीझनला बघू." आणि दाराजवळची हातगाडी आवरायला वळले.

अबोलीने फळ्यावरच्या लाल रेघेकडे बघितलं. ती चालत गेली, टाचा उंचावल्या आणि मार्करशेजारच्या फडक्याने ती रेघ, रेघेखालचं नाव आणि खालची सही, सगळं पुसून टाकलं. मग काळ्या मार्करने त्याच जागी, पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरांत, आपलं नाव लिहिलं. सहीची जागा मोकळी सोडली. आणि मार्करला टोपण न लावता तो कोच डेलच्या पाठीमागे नेऊन, ते वळेपर्यंत, हात लांब करून धरून ठेवला.